थेट विमान नाही

ऑफिसात त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. एक तर माणूस उंच आणि सरळसोट, कुठे म्हणून वळण नाही. शिवाय दिवसभर तो अंतरंच मोजत बसलेला असे. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ती वही कोणी उघडून बघत नसे.

ऑफिस म्हणजे सायकलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालकीणबाई बसत. मागच्या खोलीत फूटपट्टी, एक कॉम्प्युटर आणि पुठ्ठा लावून वारा अडवलेली एक खिडकी. इथून ते प्रवाशांसाठी माहितीची वेबसाइट चालवत. मोठ्या विमानतळांना तिथे फारसा मान नव्हता. ज्यांच्या धावपट्टीशेजारी गवत वाढतं आणि जिथे दिवसाला एखादंच विमान उतरतं, अशा एकशे चाळीस लहान विमानतळांची ही साइट. त्यातले कुठलेही दोन घ्या, त्यांचं एक पान तयार. एकशे चाळिसांच्या जोड्या होतात नऊ हजार सातशे तीस. तेवढी पानं फूटपट्टीनं सात वर्षांत एकहाती लिहिली होती, आणि त्याचा त्याला आतल्या आत बराच अभिमान होता.

पानाची रीत ठरलेली. वर दोन गावांची नावं, खाली सरळ रेषेतलं अंतर, त्याखाली प्रवासाचा वेळ. वेळ काढायची कृतीही ठरलेली. अंतराला विमानाच्या वेगानं भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा म्हणून अर्धा तास मिळवायचा. या कृतीत विमान लागत नसे. फूटपट्टी स्वतः जन्मात कधी विमानात बसला नव्हता, विमानतळाची पायरीही चढला नव्हता, आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ऑफिसचा फोन नंबर असे, चूक आढळल्यास कळवा म्हणून. सात वर्षांत कोणी काही कळवलं नव्हतं.

एका मंगळवारी दुपारी तो फोन वाजला.

“ते बावन्न मिनिटंवालं ऑफिस हेच का?” पलीकडे एक वयस्क बाई होत्या. मागे शिवणयंत्राची खडखड चालू होती.

“कुठली बावन्न मिनिटं?”

बाईंनी दोन गावांची नावं सांगितली. फूटपट्टीनं ते पान उघडलं. अंतर दोनशे त्र्याण्णव किलोमीटर, वेळ बावन्न मिनिटं. त्यानं कागदावर पुन्हा भागाकार करून पाहिला. उत्तर तेच आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

“बरोबर आहे, बावन्नच,” तो जरा ऐटीत म्हणाला.

“ते मलाही वाचता येतं. विमान सुटतं किती वाजता ते सांगा. तिकिटाच्या खिडकीवरचा मुलगा म्हणतो, असलं विमानच नाही. मी म्हटलं, तुला काय कळतंय, इथे छापलंय.”

“विमान… नाहीये.”

“आज नाहीये?”

“कधीच नाहीये. त्या दोन गावांच्या मध्ये थेट विमान नाही.”

शिवणयंत्र थांबलं.

“मग बावन्न मिनिटं लागतात कोणाला?”

सात वर्षांत हा प्रश्न फूटपट्टीला कधी पडलाच नव्हता. “म्हणजे, असतं तर तेवढी लागली असती,” तो चाचरत म्हणाला.

“असतं तर!” बाई म्हणाल्या. “अहो, चाळीस वर्षं कपडे शिवतेय मी. गिऱ्हाईक समोर उभं असल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तुम्ही तर माणूस न बघताच कोट शिवून खुंटीला लावलात!”

मग त्यांनी सगळं सांगितलं. रागानं सुरू केलं, पण शेवटी राग कुठेच उरला नाही. त्या दोघी बहिणी. या धाकट्या, अडुसष्ट वर्षांच्या. थोरली चौऱ्याहत्तरची, डोंगरांच्या पलीकडच्या गावात मुलगा-सुनेकडे. मधल्या डोंगरांमुळे बस सगळा वळसा घेऊन जाते, सोळा तास. आणि धाकटीच्या पाठीचा मणका सरकलेला. सलग दोन तासांच्या वर बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. त्यापायी अकरा वर्षांत भेट नव्हती. थोरलीचे यजमान गेले, तेव्हासुद्धा धाकटी अंथरुणाला खिळलेली होती. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली, थोरलीनं तोंडानं कधी बोल लावला नाही, पण धाकटीच्या मनात ते कुसळासारखं रुतून होतं.

“आता तिचे डोळे चाललेत,” बाई म्हणाल्या. “फोनच्या पडद्यावर माझ्या जागी तिला नुसता डाग दिसतो. डॉक्टर म्हणतात, आणखी दोन-तीन महिने. मग उजेड-अंधार तेवढा कळेल. एकदाच म्हणाली, चिमणे, तुझं तोंड बघायचं राहिलं बघ. आणि त्याच दिवशी मला तुमचं पान सापडलं. मी तिला सांगून बसले, पुढच्या गुरुवारी येते, बावन्न मिनिटं फक्त. तिनं उशीला नवा अभ्रा घातलाय. आता मी तिला काय सांगू? तुम्हीच सांगा.”

“मला एक दिवस द्या,” फूटपट्टी म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर आपण हे काय अंगावर घेतलं असं त्याला वाटलं.

तो उठून पुढच्या खोलीत गेला. मालकीणबाई बिस्किटाचा पुडा दातानं फोडत होत्या.

“बाई, ज्या पानांवर विमान नाही, तिथे तसं लिहायला हवं. थेट विमान नाही, एवढी एकच ओळ.”

“अशी किती पानं आहेत?”

त्यानं मनाशी अंदाज केला. “नऊ हजारांच्या वर असतील.”

बाईंच्या हातातला पुडा तसाच राहिला. “म्हणजे आपली नऊ हजार पानं खोटी?”

“खोटी नाहीत. अंतर खरं आहे.”

“मग राहू दे की! नाही नाही म्हणून लिहिलं, तर पान उघडेल कोण?” बाई माणूस वाईट नव्हत्या, पण साइट चालवायची म्हणजे तारेवरची कसरत, असं त्या उठता-बसता म्हणत. फूटपट्टी नेहमी या वाक्याला मान डोलवून परत जाई. आज तो दारातच उभा राहिला. शिवणवाल्या बाईंची सगळी हकिगत त्यानं सांगितली. बाईंनी तोंडातलं बिस्किट सावकाश संपवलं आणि म्हणाल्या, “एका पानावर लिहा. एकाच हं.”

त्यानं त्या पानावर ओळ घातली. पण तेवढ्यानं थोरलीला धाकटीचं तोंड दिसणार नव्हतं.

घरी आल्यावर तो वेळापत्रकं घेऊन जेवणाच्या टेबलावर बसला. दोन्ही गावांतून फूटपट्टीच्या शहराला मात्र विमानं होती. धाकटीनं आधी इथे यायचं, सव्वापाच तास थांबायचं, मग दुसऱ्या विमानानं ताईच्या गावाला जायचं. बावन्न मिनिटांचे साडेआठ तास होत होते, त्यातले निम्म्याहून जास्त खुर्चीत. पाठीचा प्रश्न होताच. उलटं पाहावं, तर थोरलीला दोन रात्री बाहेर राहणं शक्य नव्हतं. तिला डोळ्यात इंजेक्शन असे, आणि पुढचं नेमकं शुक्रवारी सकाळी होतं. त्यानं तीन कागद भरले आणि तिन्ही फाडले.

बायको भांडी पुसत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं.

“अहो, पण सगळा रस्ता तिनं एकटीनंच का कापायचा? मोठीला काय पाय नाहीत?”

“मोठी एवढ्या लांब कशी येईल?”

“एवढ्या लांब कशाला? इथवर येऊ दे. ही पण इथवर येऊ दे. तुमचं गाडं नेहमी दोनच गावांमध्ये अडतं. तिसरं गाव आहे ना, आपलं!”

फूटपट्टीनं नवा कागद घेतला. गुरुवारी धाकटीचं विमान दहा पन्नासला इथे उतरत होतं आणि परतीचं सव्वातीनला. थोरलीचं साडेअकराला उतरत होतं आणि परतीचं चार दहाला. आत जाण्याचा वेळ सोडला, तरी दोघींना पावणेतीन तास मिळत होते. आणि कोणालाही सलग सव्वा तासाच्या वर बसायचं नव्हतं.

“तुला ऑफिसात घ्यायला हवं,” तो म्हणाला.

“तुमच्या त्या पुठ्ठ्याच्या खिडकीत? नको बाई,” बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही घरी फोन केले. थोरलीची सून समंजस निघाली. एका दिवसाची रजा काढून सासूला घेऊन यायला ती लगेच तयार झाली. आपण उंच आहोत, लगेच ओळखू येऊ, असंही त्यानं तिला सांगून ठेवलं. मग त्यानं धाकटीसाठी एक पान लिहिलं, सात वर्षांतलं पहिलं हातानं लिहिलेलं. घरातून टॅक्सीपर्यंत किती मिनिटं, सामान देण्याची रांग किती, विमानात मधल्या वाटेकडची खुर्ची मागायची म्हणजे मध्ये उठून उभं राहता येतं, इथे उतरल्यावर डावीकडची लिफ्ट, बाहेर पडल्यावर खुर्च्यांची तिसरी रांग, कारण तिथल्या खुर्च्यांना हात आहेत. तिकडचं त्यानं तिलाच विचारून घेतलं, इकडच्यासाठी तो बुधवारी संध्याकाळी विमानतळावर जाऊन प्रत्येक गोष्ट चालून मोजून आला. तिथल्या पहारेकऱ्यानं दोनदा हटकलं. पान त्यानं फोनवर वाचून दाखवलं आणि धाकटीनं ते कापडावर मापं लिहायच्या खडूनं टेबलावरच उतरवून घेतलं, मग कागदावर.

“आता कसं माप घेऊन शिवलंत!” ती म्हणाली. एवढी शाबासकी मालकीणबाईंनी त्याला कधी दिली नव्हती.

गुरुवारी त्यानं सुट्टी टाकली आणि साडेदहालाच खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी जाऊन उभा राहिला. त्याच्या पानावर सगळं होतं. धुकं तेवढं नव्हतं.

धाकटीचा फोन आला तो तिच्याच गावाहून. “विमान इथेच उभंय हो. बाहेर हात दिसत नाही. मी पण उभीच आहे, बसले तर इथेच राहीन.”

“कधी सुटणार म्हणतात?”

“बघू म्हणतात. बघायला काही दिसत असतं, तर सुटलंच असतं की!”

हसली ती आणि फोन ठेवला. फूटपट्टीनं कागद काढून आकडे मांडले. दुपारी एकच्या आत विमान सुटलं नाही, तर काहीच उपयोग नव्हता. परतीची विमानं कोणासाठी थांबणार नव्हती. धाकटीच्या गावाला आठवड्यातून तीनच विमानं जात, आणि परक्या गादीवर एक रात्र काढली, की तिची पाठ पंधरा दिवस धरत असे. मोजण्यासारखं सगळं मोजून झालं आणि पुढे नुसतं बसून राहण्याखेरीज त्याच्या हातात काही नव्हतं. ते त्याला फार जड गेलं.

साडेअकराला थोरली आली, अगदी वेळेवर. ठेंगणी, ताठ, सुनेच्या हाताला धरून. फूटपट्टी पुढे झाला.

“तुम्हीच का ते बावन्न मिनिटंवाले?” थोरली म्हणाली. “उंच आहात म्हणे. खरंच आहात.” हे म्हणताना ती त्याच्याकडे बघतच नव्हती, शेजारच्या खांबाकडे बघत होती. फूटपट्टीनं आधी खांबाकडे पाहिलं, तिथे आणखी कोणी उभं आहे की काय म्हणून.

त्यानं धुक्याची बातमी सांगितली. थोरली तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीत बसली, हात मांडीवर घेतले, आणि तशीच बसून राहिली. सून पाणी आणायच्या निमित्तानं फूटपट्टीला बाजूला घेऊन गेली.

“एक सांगू? आईंना समोरचं दिसत नाही आता. मधोमध काळं असतं. कडेकडेनं तेवढं दिसतं, म्हणून कोणाला बघायचं असलं, की त्या मान फिरवून भलतीकडे बघतात. हे मान फिरवणं मावशींना माहीत नाही. उगाच जिवाला लावून घेईल, म्हणून आईंनी सांगूच दिलं नाही.”

बारा वाजायला पाच मिनिटं असताना धाकटीचा निरोप आला. धुकं विरळ झालं होतं, दारं लावत होते. फूटपट्टीनं तो वाचून दाखवला. “उडेल ना नक्की?” थोरलीनं विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदा बोलली होती. पाणी तसंच हातात होतं.

एक वाजून तेवीस मिनिटांनी धाकटी दारातून बाहेर आली. पांढरे केस मानेवर आवळून बांधलेले, कमरेला पट्टा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तो कागद. तिसरी रांग तिनं मोजून शोधली. थोरली सुनेचा हात सोडून उभी राहिली होती.

धाकटी चार पावलांवर आली आणि थोरलीनं मान फिरवली. फिरवली ती चांगली खांद्यापर्यंत, पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या यंत्राकडे.

धाकटी जागच्या जागी थांबली. तिचा चेहरा असा उतरला, की फूटपट्टीला पुढे होऊन काहीतरी सांगावंसं वाटलं, पण सुनेनं त्याची बाही धरली.

“अजून रागावली आहेस, ताई?” धाकटी म्हणाली. “मी यायला हवं होतं गं तेव्हा. मला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. माझ्याकडे बघ तरी.”

“गप उभी राहा.”

“बघ ना माझ्याकडे!”

“तुझ्याकडेच बघतेय, चिमणे,” थोरली यंत्राकडे तोंड करून म्हणाली. “सरळ बघितलं, की तू नाहीशी होतेस. अशी बघितली, की असतेस. हलू नकोस. थोडी उजेडात सरक. अगं, पार पांढरी झालीस की! हनुवटी तेवढी तीच आहे, उद्धट.”

धाकटीला कळायला क्षणभर लागला. मग तिच्या हातातली काठी पडली. काठी फूटपट्टीनं उचलली आणि कोणाकडे न बघता बराच वेळ धरून उभा राहिला, कारण त्याचेही डोळे भरून आले होते आणि चारचौघांत ते पुसायची त्याला सवय नव्हती.

दोघी शेजारी शेजारी बसल्या. थोडा वेळ बसायच्या, मग धाकटीची पाठ बोलू लागली, की उभ्या राहायच्या. थोरली बोटांनी धाकटीच्या बाहीची शिवण चाचपत होती आणि नावं ठेवत होती. आठ वर्षांचं ते जुनं बोलणं निघालं, तेव्हा थोरली एवढंच म्हणाली, “मला कळत नव्हतं होय? वेडी कुठली.” त्यावर पुन्हा तो विषय निघाला नाही.

“आत कधी जायचं मी?” धाकटीनं मध्येच विचारलं.

“सव्वादोनला,” फूटपट्टी म्हणाला.

“म्हणजे एकूण किती वेळ मिळाला आम्हाला?”

त्यानं मनात वजाबाकी केली आणि तो गडबडला. पुन्हा केली. उत्तर तेच आलं. “बावन्न मिनिटं,” तो खालच्या आवाजात म्हणाला.

धाकटी एवढ्या मोठ्यानं हसली, की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “ऐकलंस, ताई? माणूस शब्दाचा पक्का निघाला!”

सव्वादोनला ती उठली. ताईच्या गालाला गाल लावला, कागदाची घडी पर्समध्ये ठेवली आणि आत जाणाऱ्या रांगेत उभी राहिली. काचेच्या पलीकडे रांग नागमोडी होती. ती पुढे जायची, वळायची, पुन्हा समोर यायची. दर वेळी समोर आली, की काठी उंच करायची.

काचेपाशी निरोप द्यायला आलेली बरीच माणसं होती. सगळ्यांच्या नजरा आपापल्या माणसावर खिळलेल्या. एकटी थोरलीच भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे तोंड करून उभी होती. शेजारच्या एका बाईंनी तिच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं पाहिलं. सख्खी बहीण चाललीय आणि हिला काही वाटत नाही, असंच त्यांना वाटलं असणार.

धाकटी शेवटच्या वळणावर दिसेनाशी झाली. फूटपट्टी ते सांगणार होता, पण थोरलीनं हात वर करून त्याला थांबवलं.

“दिसतेय अजून,” ती म्हणाली, आणि मान न वळवता तशीच बघत राहिली.